घोळीचे प्रकरण

तीर्थस्वरूप आप्पा व आई यांचे चरणी वसंताचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर ‘नोटीस’ एवढाच शब्द ऐकून आप्पांनी खेडच्या वकिलाकडे माणूस धाडला आणि सुमनआत्याने आळंदीला नवस बोलला, असे दादाने कळविले; म्हणून डाळ शिजते आहे तेवढ्या अवकाशात खुलासा करतो. प्रकरण फौजदारी नाही; नोटीस आली ती वाढलेल्या गवताची. घरापुढील गवत २० सेंटिमीटरहून, म्हणजे जेमतेम वीतभराहून, अधिक वाढू देऊ नये असा येथे ओंटारिओत आमच्या नगरपालिकेचा दंडक असून, त्याचा भंग झाल्यास पालिका आपली माणसे पाठवून ते कापविते आणि मजुरी घरपट्टीबरोबर वसूल करते. ज्या गवताला एकही म्हैस कधी तोंड लावणार नाही, त्याच्या निगराणीत येथील सुशिक्षित गृहस्थांचा रविवार खर्ची पडतो, हे तात्यांना सांगू नका, कुरुळी गावभर करतील.

तर ते गवत कापताच, पायवाटेच्या कडेला, जेथे हिरवळ विरळ होऊन माती तापते तेथे, लालसर देठांची, जाड मांसल पानांची, भुईसरपट पसरलेली साक्षात आपली घोळ प्रकट झाली! शेजाऱ्याने मात्र तिला तण ठरवून तिच्या निर्मूलनाचा उपदेश केला. औषध मारावे, तर ओंटारिओ प्रांताने २२ एप्रिल २००९ पासून केवळ शोभेखातर तणनाशके फवारण्यास मनाई केलेली. चाकणच्या कृषी सेवा केंद्रात मिळणारे टू-फोर-डी येथे अंगणात चालत नाही. शेतकऱ्यास मुभा, गोल्फच्या मैदानांस अटींवर सवलत, आणि आम्हा गृहस्थांच्या हाती खुरपे! आईने मेतकुटाच्या पुड्यांत दडवून पाठविलेल्या ज्या खुरप्याची दादाने एवढी थट्टा केली, तेच अखेर कामी आले.

मालतीने उत्साहाने टोपली भरावयास घेतली, तेव्हा मला आईचीच ताकीद तिला ऐकवावी लागली: घोळीजवळच तिच्या चणीची एक तोतयी उगवते; देठ मोडताच पांढरा चीक आला तर ती विषारी, फेकून द्यावी; घोळीला चीक नसतो. उपटलेली घोळ तेथेच पडू दिली तर देठातील ओलाव्यावर ती तग धरते, तुकड्यांनाही मुळे फुटतात, आणि एकेक रोप लाखाहून अधिक बी टाकू शकते. म्हणून फुलण्यापूर्वी मुळासकट काढून ती उचलावीच लागते. तिच्या बियांना रुजावयास उजेड हवा, तेव्हा गवत सात-आठ सेंटिमीटरखाली न कापणे आणि भाद्रपदाच्या सुमारास विरळ जागी बी पेरून ते दाट करणे, हा खरा बंदोबस्त. आम्ही तूर्त खाऊन बंदोबस्त करीत आहो.

आई, बाजारात एक बाई या घोळीची मूठभर जुडी चार डॉलरला विकत होती. अडीचशे रुपये म्हण! तू ती कांद्याच्या वाफ्यांतून निंदून शेजारणींना फुकट वाटीत होतीस. चार डॉलर मागणाऱ्या त्या बाईकडे मी अशा नजरेने पाहिले, की मालतीने मला पुढे ओढून नेले.

मामांचा मुतखडा पुन्हा उपटला असे कळले. घोळीत ऑक्झॅलेट फार असते. आत्या काहीही सांगो, डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यांस ही भाजी वाढू नये. तात्यांनी रान विकून घेतलेली गाडी चाकणच्या चौकात तासभर उभी असते, हे वाचून मुले पोट धरून हसली. बाळूच्या स्थळाकडचे लोक ‘जमीन किती उरली?’ असे विचारतात, त्यात मला तरी गैर दिसत नाही.

काल घोळ हरभऱ्याची डाळ आणि लसणाची फोडणी घालून केली. पहिल्याच घासाला विहिरीकडचे ओले वाफे, निंदणाऱ्या बायका, बांधावरून हाका मारणारे आप्पा असे सारे डोळ्यांपुढे आले आणि पुढचा घास उतरेना. तिखट जास्त झाले, असे मुलांस सांगितले.

विहिरीकडच्या तुकड्यासाठी गोदामवाला दोनदा येऊन गेला, असे आत्याकडून समजले. आप्पा, आम्ही दिवाळीत येईपर्यंत तो विकू नये, आणि इसार घेतला असल्यास परत करावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
वसंता