कोरडा आठवडा, ओली मंडी

धार आणि देवास जिल्ह्यांसाठी येत्या आठवड्याचा अंदाज असा: सोमवारी हवामान कोरडे राहील. मंगळवारीही कोरडे राहील. पहिल्या दोन दिवसांचा अनुभव लक्षात घेता शनिवारपर्यंत कोरडेच राहण्याची दाट शक्यता आहे. रविवारी सुट्टी असल्याने बदल नाही.

ऑक्टोबर सरता सरता माळव्यात हे असेच चालते. दिवसा पारा तिशीला टेकतो, रात्री अठराच्या आसपास येतो. पंखा एकवर आणि अंगावर चादर. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिची ख्याती, ती रात्र हीच. आता अशा हवेची बातमी करायची कशी? हवामान खात्याकडे हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल असे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. हा रंग कुणी कुणाला फॉरवर्ड केल्याचे ऐकिवात नाही. मग पारा एका अंशाने उतरला की ‘थंडीची चाहूल’ आणि दोन अंशांनी उतरला की ‘माळवा गारठला’! तेवढ्यावर एखादे काका कानटोपी चढवून पोहे-जिलबीच्या गाडीवर हजर होतात.

खरी बातमी देवासला पूर्वी मिळाली असती. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने, दोन राजे, दोन दरबार आणि दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांची सलामी. धारच्या पवारांनी एकाच गादीवर भागवले. देवासात रस्ते आणि वस्त्या वाटल्या गेल्या, आभाळ तेवढे सामाईक राहिले. ‘थोरल्या पातीत निरभ्र, धाकट्या पातीत अंशतः ढगाळ’ हा मथळा १९४८ च्या विलीनीकरणाने कायमचा हुकला.

बरे, ही कोरडी हवा बिनकामाची म्हणावी, तर त्याच १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व देवासला आले ते तिच्याच भरवशावर. डॉक्टरांचा सल्ला फळला, गाणे परतले. पण कोरड्या हवेसाठी आलेल्या माणसाने पुढे तिथेच ‘गीतवर्षा’ बांधली. अंदाज चुकवण्याचा इतका देखणा प्रकार खात्याला अजून जमलेला नाही.

शेतकऱ्याला मात्र कोरडाच आठवडा हवा असतो. सोयाबीन काढून झालेले असते, हरभऱ्यासाठी रान तयार करायचे असते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी-हवामान सल्ला म्हणतो, ऊन आहे तोवर मळणी उरका, दाणे वाळवा. तो मळणी उरकतो, दाणे वाळवतो, ट्रॉली भरून मंडीत नेतो. तिथे व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे काढतो, एक दाताखाली धरतो आणि मान हलवतो, “नमी है, भिया!” हमीभावाच्या खरेदीत आर्द्रतेची मर्यादा १२ टक्के. ती यंत्राने मोजतात. व्यापाऱ्याच्या दाताला यंत्र लागत नाही, आणि हा दात भाव वाढवायच्या बाजूने कधी चुकलेला नाही.

धार आणि देवासच्या आभाळात आठवडाभर न सापडलेला ओलावा असा मंडीच्या फाटकात पाच मिनिटांत हाती लागतो. खात्याने एक वेधशाळा तिथेच उघडावी. रंग नव्याने ठरवायची गरज नाही: व्यापाऱ्याला कायम हिरवा, शेतकऱ्याला कायम लाल.