सतरा सह्यांचे अनुदान

अतिवृष्टीचे अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. त्या नावाचा माणूस शेतात असतो की सुरतेत, हा स्वतंत्र विषय आहे.

शेतकरी पात्र ठरण्याआधी पावसाला पात्र ठरावे लागते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर तो अतिवृष्टी. चौसष्टचा पाऊस सोयाबीन आडवे करून गेला तरी साधाच. पर्जन्यमापक एका जागी असतो, त्यामुळे ओढ्यापलीकडच्या ढगाने आपले म्हणणे तिथे जाऊन मांडावे. नुकसान किमान ३३ टक्के लागते. २०१५ पर्यंत ५० लागत असे. मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तो बांधावर जाऊन करतात, असे गृहीत आहे. या तिघांची पदनामे अलीकडे बदलली. चिखल जुन्याच पदावर आहे.

आपत्ती मदतीच्या २०२२च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये धरले आहेत. चाळीस आर म्हणजे एकरभर रानाला ३,४०० होतात. इथवर गणित चौथीच्या मुलालाही जमेल. पुढे सामाईक खाते लागते.

सामाईक खाते म्हणजे आजोबांच्या पश्चात ज्याची वाटणी झाली नाही आणि होणारही नाही असे रान. त्यावर समजा सतरा नावे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर दोनशे रुपये येतात, पण पैसे एकाच्याच खात्यात जायचे असल्याने उरलेल्या सोळांनी ‘आमची हरकत नाही’ असे लिहून द्यायचे असते. हे कुठे साध्या कागदावर चालते, कुठे बाँडवर लागते; ते टेबलावर अवलंबून आहे. सोळांपैकी दोघे पुण्यात, एक सुरतेत. एक चुलता बांधाच्या भांडणापासून बोलत नाही. त्याला हरकत विचारली की जुन्या सगळ्या हरकती एकदम आठवतात. बहीण सासरहून सहीला येते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने एका योजनेचा खर्च दुसऱ्या योजनेतून भागतो, आणि यालाच बहुधा समन्वय म्हणतात. एक खातेदार वारला आहे. वारस नोंद झालेली नसल्याने संमती त्याचीच हवी. नोंद करायला जावे तर त्याच्या जागी पाच नावे लागतात, सतराचे एकवीस होतात आणि दोनशेचा वाटा १६२ रुपयांच्या खाली येतो. रान वाढत नाही, सह्या वाढतात. त्या एकरात एवढे जोमदार पीक दुसरे कोणतेच येत नाही. याचा पंचनामा मात्र होत नाही.

खरे तर हे रान कोण कसतो ते गावाला माहीत असते, तलाठ्याला माहीत असते, ई-पीक पाहणीच्या फोटोलाही माहीत असते. पेरणीला उसनवारी त्याने केली, फवारणी त्याने केली, चिखलात तो उभा राहिला. शेतसारा भरायला तो एकटा गेला तर पावती मुकाट्याने फाटते. उरलेल्या सोळांची हरकत आहे काय, असे तिथे आजवर कोणी विचारलेले नाही. घेताना एक माणूस पुरतो आणि देताना खानदान लागते! एवढा सावधपणा बांधावरच्या टक्केवारीत दिसला असता तर चुलताही बोलू लागला असता.

सह्या जमल्यावर नाव यादीत चढते, विशिष्ट क्रमांक मिळतो आणि सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. खुरपे धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतील तर यंत्र त्या इसमास ओळखत नाही. ज्याने वर्षानुवर्षे माती हाताळली नाही त्याचा अंगठा पहिल्याच झटक्याला लागतो. पुढे बँक. अनुदान कर्जखात्यात वळवू नये, अशा सूचना निघतात. तरी थकबाकीदाराच्या खात्याला कधी कधी ‘होल्ड’ लागलेला असतो आणि तो काढायला साहेब रजेवरून यावे लागतात.

संमतीअभावी पडून राहिलेले पैसे शासनाकडे परत जातात. तिथे पोचायला त्यांना अंगठा लागत नाही.