गोड खोटं बोलणारी डिस्क

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत जुनी वस्तू जपणं हा छंद नव्हे, तो पावसाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दावा आहे. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जो पडायचा राहतो तो हवेत मुक्काम करतो. पोथ्या, रेशमी साड्या, तबल्याची पुडी, साठवणीची सोलं, सगळ्यांना आम्ही मिळेल ते ऊन दाखवतो. संगणकाला ऊन दाखवायचं मात्र कोणाला सुचत नाही. त्यामुळं नव्वदच्या दशकातली फ्लॉपी आज उघडून पाहिली, तर आत माहितीपेक्षा बुरशी जास्त सापडते.

डिचोलीत पावसाच्या जोडीला खाणीची धूळ. 2012 च्या सप्टेंबरात राज्यातल्या खाणी थांबल्या. त्याआधी कितीतरी वर्षं खनिजाचे ट्रक रस्त्यानं जात आणि रस्ता थोडाथोडा घरात येई. डिचोलीतला आमचा दुरुस्तीवाला जुन्या संगणकाचं कॅबिनेट उघडतो आणि आतला लाल थर बोटानं पुसून यंत्र खाणबंदीच्या आधीचं की नंतरचं ते सांगतो. वर बिल किती होईल तेही त्याच बोटावरून ठरतं, असा माझा अंदाज आहे.

एवढं सोसूनही या यंत्रांचं डोकं बहुधा शाबूत असतं. मदरबोर्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाण्याआधी काढलेली असली, की तीस वर्षांपूर्वीचा 486 प्रोसेसरचा संगणक अजूनही शहाण्या मुलासारखा उठून बसतो. आधी जाते ती हार्ड डिस्क. त्या काळच्या डिस्कची चकती मिनिटाला साधारण 3600 वेळा फिरायची आणि वाचणारं हेड तिच्यावरून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगायचं. असं यंत्र वर्षानुवर्षं न चालवता ठेवलं की वंगण सुकतं, आतलं रबर चिकट होतं, हेड चकतीला धरून बसतं. जे हलतं ते मोडतं. सरकारी फाइल इतकी का टिकते, याचंही उत्तर यातच असावं.

मग असली यंत्रं भंगारात का जात नाहीत? आमच्याकडे त्याचं कारण मराठी हे आहे. पेडण्या-डिचोलीच्या गावागावांत जत्रेला, उत्सवाला मराठी नाटक होतं आणि प्रत्येक नाट्यमंडळाला आपल्या संहिता बँकेतल्या ठेवीसारख्या वाटतात. नव्वदच्या दशकात कोणीतरी उत्साही मुलानं त्या संगणकावर उतरवून घेतल्या. प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच क्रमांक देणारा युनिकोड तेव्हा रुळायचा होता. डॉसवर देवनागरी उमटवायला ‘जिस्ट’ नावाचं कार्ड यंत्रात बसवावं लागे. ते आयआयटी कानपूरच्या कामातून जन्मलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं कचेऱ्यांत पोचवलं. पुढं विंडोज आलं आणि प्रत्येक फॉन्टवाल्यानं ‘क’ आपापल्या खुर्चीत बसवला. आज ती फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली की खलनायकाच्या तोंडी कंस, टोप्या आणि प्रश्नचिन्हं येतात. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं त्यांच्या हातून निसटतात. नायिकेचं ‘प्रेम’ वाटेत ‘परेम’ झालं, तर तिसरा अंक लावता येत नाही. म्हणून संहिता वाचायला तोच जुना संगणक लागतो, आणि संगणकाला डिस्क लागते.

तशी डिस्क आता कोणी बनवत नाही. भंगारातून मिळते ती आपल्या डिस्कच्याच वयाची. बसवली तर दोन म्हातारे एकमेकांच्या आधारानं चालल्यासारखं होतं. दुरुस्तीवाल्यानं यावर काढलेला उपाय माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा होता. जुनी डिस्क बंद पडण्याआधी त्यानं तिची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली, एका एसडी कार्डावर भरली, कार्ड एका छोट्या हिरव्या पट्टीत खोचलं आणि त्या पट्टीला डिस्कचीच चाळीस तारांची चपटी केबल लावली. मोबाइलमधलं कार्ड 486 मध्ये! मी विचारलं, याला हे चालेल का? तो म्हणाला, “मास्तर, चलता. फकत ताका खरें सांगू नाका.”

आणि खरंच, सगळी मेख त्या खरं न सांगण्यात आहे. जुना संगणक सुरू होताना डिस्कला तिच्या जागेची मापं विचारतो: तुझे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती? कार्डाच्या पोटात चकती नाही, हेड नाही, फिरणारं काहीच नाही. पण मधली पट्टी अदबीनं सांगते की सिलिंडर इतके, हेड सोळा, सेक्टर त्रेसष्ट. संगणक खूश होतो आणि कामाला लागतो. जास्त खरं बोललं तर उलट घोटाळा. त्या पिढीतल्या बऱ्याच यंत्रांना 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर यांपलीकडचं मोजता येत नाही. म्हणजे 528 मेगाबाइटच्या पुढं त्यांचं जग संपतं. त्यांच्यापुढं 32 गिगाबाइटचं कार्ड ठेवून ‘हे सगळं तुझंच’ म्हटलं, तर कोणी गोंधळतात, कोणी चालूच होत नाहीत. म्हणून त्यांना त्यांच्या मापाचा एक कोपरा दाखवायचा आणि बाकीचं झाकून ठेवायचं. घरातल्या आजीला हॉटेलचं बिल सांगताना आपण शेवटचं शून्य गिळतो, तसंच हे. बिल तिनं भरायचं नसतं. तिनं नीट जेवावं, एवढीच आपली इच्छा असते.

यातली गंमत अशी की खोटं बोलणारं कार्ड हे ऐकणाऱ्यापेक्षा कितीतरी हुशार असतं. कोणता कप्पा झिजला, कुठलं लिखाण कुठं हलवायचं, याचा हिशेब ठेवायला प्रत्येक एसडी कार्डात एक इवलासा संगणकच असतो. 1956 मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली ती पन्नास चकत्यांची, टनभर वजनाची, आणि तिच्यात मावायची फक्त 50 लाख अक्षरं. एसडी कार्ड 1999 चं. आजचं 32 गिगाबाइटचं कार्ड तसली सहा हजारांवर कपाटं चिमटीत धरतं. असा हा महापंडित आमच्या 486 पुढं हात जोडून ‘जी मालक, हेड सोळाच’ म्हणत उभा असतो. एवढा विनय शिकलेल्या माणसात क्वचितच आढळतो.

शुद्धतावाद्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते डिस्क बदलली, म्हणजे यंत्र बाटलं. आतलं धडधडणारं काळीज काढून चिप बसवल्यावर जुनं काय उरलं, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल डिचोलीत विचारणं मात्र थोडं धाडसाचं आहे. सप्तकोटीश्वराचं देऊळ मुळात दिवाडी बेटावरचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या राजवटीत ते पडलं आणि देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्वे गावी आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला आणि अगदी अलीकडं त्याचं पुन्हा नूतनीकरण झालं. जागा बदलली, भिंती बदलल्या, राजवटी बदलल्या. पण हा तोच सप्तकोटीश्वर का, असं नार्व्यात कोणी विचारत नाही. देव आणि डिस्क एका पंगतीला बसवतो म्हणून भाविकांनी रागावू नये. सांगायचं इतकंच की जे जपायचं ते सुरक्षित ठिकाणी न्यावं लागतं, आणि न्यायचं धाडस करणाऱ्यांमुळंच ते जुनं म्हणवून घ्यायला शिल्लक राहतं. आहे तिथंच राहू द्या म्हणणारे मनानं फार शुद्ध असतात, पण त्यांच्याकडं शेवटी चौथरा उरतो.

एक तक्रार मात्र मलाही मान्य आहे. कार्ड आवाज करत नाही. जुनी डिस्क सुरू होताना आधी शीळ घालायची, मग घसा खाकरायची, मग कुरकुरत कामाला लागायची. ती कुरकुर ऐकून आम्हाला कळायचं की आत काहीतरी चाललंय आणि चहाला वेळ आहे. आता सगळं शांत आणि झटपट, त्यामुळं चहा राहूनच जातो. जगातल्या शौकिनांना हीच उणीव इतकी जाणवली की डिस्कसारखी टकटक करणारं एक छोटं उपकरण निघालं. ते बसवलं की कार्ड काम करतं आणि उपकरण काम केल्याचा आवाज करतं. कचेऱ्यांत ही विभागणी फार जुनी आहे.

हा सगळा खेळ हौशी लोकांपुरताच असता तर गोष्ट वेगळी. पण भरतकामाची यंत्रं आणि कारखान्यांतली कितीतरी जुनी मशिनं फ्लॉपीवरूनच काम उचलत. फ्लॉपी मिळेना झाली तेव्हा त्यांच्यासाठी अशाच पेट्या निघाल्या. बाहेरून फ्लॉपी ड्राइव्ह, आत पेनड्राइव्ह. जपानसारख्या देशाच्या सरकारी नियमांतून फ्लॉपी निघायला 2024 साल उजाडलं. तिथं हजारावर नियम बदलावे लागले. आमच्या पेडण्यात तुये गावी इलेक्ट्रॉनिक सिटी उभारायचं ठरल्याला बरीच वर्षं झाली. तिथं नवं काय बनायचं ते बनो. एक गाळा जुन्याशी गोड बोलणाऱ्या पट्ट्यांसाठी ठेवला, तर गिऱ्हाइकांची रांग मी लावून देतो.

पण कार्डही अमर नाही. त्यातले कप्पे लिहून लिहून झिजतात, न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलं तर आतलं लिखाण विरू शकतं, आणि बाजारात नकली माल इतका की 32 लिहिलेल्या कार्डात चार निघतात. जुन्या संगणकाशी खोटं बोलावं म्हणून आणलेलं कार्ड आपल्याशीच खोटं बोलतं, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडानं करायची? म्हणून एका कार्डावर विसंबायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी नक्कल नव्या कार्डावर उतरवायची आणि एक नक्कल दूर ठेवायची, म्हणजे छत गळलं तरी दोन्हींवर एकदम गळणार नाही.

पेडण्यातल्या आमच्या नाट्यमंडळानं त्यासाठी डिचोलीच्या एका मंडळाशी करार केला आहे. आमचं कार्ड त्यांच्या कपाटात, त्यांचं आमच्या कपाटात. दोघांच्याही संहिता दुसऱ्या तालुक्यात सुखरूप. अट एकच: एकमेकांची नाटकं विचारल्याशिवाय लावायची नाहीत. दोन्ही अध्यक्षांनी देवासमोर शब्द दिला आहे, आणि त्याच आठवड्यात दोन्ही मंडळांनी जुना संगणक चालवता येणाऱ्या एकेका मुलाला सभासद करून घेतलं आहे.