विशेषनामाचे सामान्यनाम कसे करावे

चौकाला नाव मिळते, पण त्यासाठी नगरसेवक लागतो. पुतळा उभा राहतो, पण लोक त्याच्याकडे पाहतात वर्षातून दोनदा, जयंतीला आणि पुण्यतिथीला. रोज लोकांच्या तोंडी राहायचे असेल, तर आपल्या नावाची शिवी, निदान टोमणा तरी झाला पाहिजे.

साहित्य : सुटसुटीत नाव एक, ठळक खोड एक, बोलघेवडा समाज गरजेनुसार.

कृती :

१. सद्गुण झाकून ठेवावेत. शुक्राचार्यांना संजीवनी विद्या येत होती, आठवड्याचा एक वारही त्यांच्या नावाचा. तरी कचेरीत फाइल अडली की आठवतात ते झारीतलेच! बळीचे दान थांबवायला ते झारीच्या तोटीत शिरले, दर्भाने डोळा गेला आणि मराठीत कायमची नेमणूक झाली. कुंभकर्णाने सीतेवरून रावणाला चांगले खडसावले होते. पण उन्हे वर येईपर्यंत लोळणाऱ्या चिरंजीवांना उठवताना त्याचा काय उपयोग?

२. आपण अडून बसावे, बाकीचे लोक पाहून घेतात. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करायला सांगितले, तर याने त्यांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. मग मजूर शेतात फिरकेनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसे आणली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई! वर्षअखेरीस कॅप्टन आयर्लंड सोडून गेला. त्याचे नाव मात्र फिरत फिरत आपल्या स्वदेशीच्या चळवळीत येऊन पोचले.

३. घाई असल्यास फितूर व्हावे. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या आणि त्याच संध्याकाळी विडकुन क्विसलिंगने रेडिओवरून स्वतःला पंतप्रधान करून टाकले. महिना उलटायच्या आत इंग्रजी वर्तमानपत्रात त्याचे अनेकवचन झाले होते. आपल्याकडे ही जागा सूर्याजी पिसाळाने केव्हाच अडवली आहे. पुरावा किती भक्कम, हे संशोधकांनी पाहावे. पक्षांतराच्या हंगामात वक्त्यांना तेवढी सवड नसते.

४. यातले काहीच न जमल्यास सिनेमाची वाट पाहावी. दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५ मध्ये आला आणि खात्याला न विचारता अख्ख्या पोलीस दलाचे बारसे उरकले.

खबरदारी : वारसांची लेखी संमती आधी घ्यावी. आडनाव त्यांनाही लावायचे असते.