दृष्टांतबुवा

आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवसांत सात कीर्तनकार येतात. सहा जणांची नावं पत्रिकेत बघून सांगावी लागतात. पाचव्या रात्रीच्या बुवांचं नाव पत्रिकेत बघूनही कुणाला पटत नाही, कारण सगळ्यांच्या तोंडी ते दृष्टांतबुवाच. मात्र त्यांचं कीर्तन पुढं वर्षभर पानटपरीवर चालू असतं.

बुवांना वस्तू म्हणून दिसतच नाही, तिच्यात दृष्टांत दिसतो. एकदा मी त्यांना मोटारसायकलवरून घेऊन निघालो आणि वाटेत चाक बसलं. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे आले आणि बुवांनी डोळे मिटले. आता तासाभराची निश्चिंती, हे मी ओळखलं. टायर म्हणजे स्थूलदेह, ट्यूब म्हणजे सूक्ष्मदेह, हवा म्हणजे प्राण, बुडबुडे म्हणजे वासना आणि घमेलं म्हणजे सत्संग.

"आणि मी?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"तू सद्गुरू."

सद्गुरूंनी दोन पंक्चरचे पैसे घेतले. एकच होतं, असं मला अजून वाटतं.

हा नाद काही बुवांनी काढलेला नाही. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकातच 'दृष्टांतपाठ' म्हणून नीट लावून ठेवले. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावायचं त्याचा हिशेब. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातही आहे. हत्तीचं एक बरं असतं, त्याचं नवं मॉडेल येत नाही. बुवांच्या दृष्टांतांना ते सुख नाही. सुरुवातीला ते भक्तीची तुलना ट्रंककॉलशी करायचे: नंबर लावा आणि वाट बघत बसा. मग मिस्डकॉल आला. देव रोज मिस्डकॉल देतो, आपण उलटा फोन करत नाही, या वाक्यावर बायका पदर डोळ्यांना लावत. 2016 साली फोन जवळजवळ फुकट झाले आणि बुवांचा हुकमी दृष्टांत एका हंगामात मेला. "आता मिस्डकॉल कशाला, देवालाच करू दे की फोन," असं एक पोरगं मांडवातच बोललं. त्याच नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, म्हणून बुवा वाचले. इथली श्रीमंती तिथं चालत नाही, हे समजावायला त्यांना त्या वर्षी तोंड उघडायचीही गरज नव्हती. नुसती खिशातून जुनी नोट काढून दाखवायचे. मांडव हुंदके देई. ते वैराग्यानं की नोटेच्या आठवणीनं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारायची गाडगेबाबांची रीत बुवांनी उचलली आहे. फरक इतकाच, की उत्तर कुठून कुठं जाईल हे गाडगेबाबांना ठाऊक असायचं.

कर्जमाफीच्या वर्षीचं कीर्तन तर मी मुद्दाम लिहून ठेवलंय. 2017 ची गोष्ट. बुवांनी कर्मसिद्धांत घेतला होता. संचित म्हणजे बँकेच्या खातेवहीत साठलेलं सगळं कर्ज, प्रारब्ध म्हणजे यंदाचा हप्ता, क्रियमाण म्हणजे आज नव्यानं उचललेलं. इथवर टाळकरीसुद्धा माना हलवत होते. मग बुवा तापले. हात वर करून म्हणाले, "आणि देवाची कृपा म्हणजे काय, माउली? कृपा म्हणजे कर्जमाफी! एका क्षणात सातबारा कोरा!" पखवाज घुमला, गजर झाला आणि तो ओसरल्यावर मागून आवाज आला, "महाराज, ज्यानं दरसाल हप्ता भरला त्याचं काय?"

मांडव एकदम जागा झाला. विचारणारा गावातला एकमेव माणूस होता ज्याची थकबाकी नव्हती.

हा प्रश्न थोर आहे. ख्रिस्ती लोकांत अशा बोधकथेला दाखला म्हणतात (आम्हाला दाखला म्हटलं की तलाठी आठवतो), आणि त्यांच्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ बापाला थेट हेच विचारतो: मी इतकी वर्षं राबलो, मला कधी मेजवानी दिलीस? जन्मभर एकादशी करणारा आणि शेवटच्या श्वासाला नाव घेणारा दोघेही वैकुंठाला जाणार असतील, तर पहिल्यानं साबुदाणा कशासाठी खाल्ला? भल्या भल्या आचार्यांना इथं घाम फुटावा. बुवांनी क्षणभर वीणेकऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "नियमित भरणाऱ्याला पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहन आहे." ते सरकारी योजनेत खरोखरच होतं. पुढचा अर्धा तास मांडवात अर्ज, आधार आणि बँकेचा मॅनेजर यांवर चर्चा झाली. अभंगाचं शेवटचं चरण राहिलंच. बुवांचा दृष्टांत हा असा शेजाऱ्याच्या बैलासारखा आहे. तासभरासाठी आणायचा, आणि संध्याकाळी तोच आपल्याला ओढत त्याच्या गोठ्यात नेतो.

गेल्या वर्षी रेशनच्या मशीनची पाळी होती. "माउली, दुकानात अंगठा लावला की मशीन ओळखतं, हा अमका. तसा देवाच्या दारी भक्तीचा अंगठा लावायचा. तिथं वशिला नाही, नाव नाही, गाव नाही. नुसता अंगठा!" सिद्धांत छान बसला होता. पुढच्या ओळीत एक म्हातारी बसली होती. जन्म खुरपण्यात, भाकरी थापण्यात आणि भांडी घासण्यात गेलेला. तिनं दोन्ही अंगठे उलटेसुलटे करून बघितले.

"महाराज, माजा उमटत न्हाई. घासून गेल्यात रेषा. दोन वर्सं झाली, मशीन म्हंतं, जुळत न्हाई." मग जरा थांबून, "तितंबी न्हाई उमटला तर?"

बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. वीस वर्षांत मी त्यांना प्रथमच प्रमाणावाचून उभं पाहिलं. मग त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली, 'जय जय रामकृष्ण हरी' सुरू झालं आणि ते नेहमीपेक्षा बरंच लांबलं. बुवांनी त्या रात्री एकही दृष्टांत पुन्हा दिला नाही. माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात चांगलं कीर्तन.

यंदा शेजारच्या गावच्या काल्याला गेलो होतो. बुवांनी हाच दृष्टांत घेतला. त्यात आता म्हातारीही आहे, घासलेला अंगठाही आहे, आणि देव तो अंगठा हातात घेऊन म्हणतो, हा तर माझ्याच कामानं झिजलाय. लोक रडले. बुवांना पाकीटही जाड मिळालं असावं. आमच्या म्हातारीचं रेशन मात्र अजून नातवाच्या अंगठ्यावर येतं, आणि नातू पुण्याला गेलेला असला की येत नाही.