मोकळं बालपण, रविवारी सात ते साडेनऊ

दादरा आणि नगर हवेलीतल्या सायलीत बदलून आलेला मराठी बाप सामानाची खोकी फोडायच्या आधीच जाहीर करून टाकतो, "आमचं बालपण चाळीत गेलं, पोरांचं तरी रानात जाऊ दे."

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नसतं. दादरा आणि नगर हवेलीचं क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, त्यातलं सुमारे ४० टक्के वन. करसवलतींमुळे कृत्रिम धाग्याचे कारखाने आले, त्यांच्यामागून असे बापही आले; सायलीत तर आता वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा आहे. तरी सिल्वासातून खानवेलच्या वाटेला लागलं की साग अजून दिसतो.

मग मोकळं बालपण रीतसर सुरू होतं. टोपी, बूट, पाण्याची बाटली, डासांचं मलम, किडे बघायला भिंगाची डबी. "आता वाट्टेल ते करा!" अशी घोषणा होते. पाठोपाठ सूचना येतात : तिकडे नको, साप असेल. ते हातात धरू नकोस. चिखलात बूट घालून जाऊ नकोस. बूट काढू नकोस.

पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी उगवते. बापाच्या मोबाइलमधलं अ‍ॅप 'अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटाटस' असं शास्त्रीय नाव तत्काळ सांगतं. भाजीत काकडाची फळं किंवा चिंच घातली नाही तर घसा खाजतो, हे मात्र वारली आणि कोकणा घरातल्या पोरांना ठाऊक असतं. अर्थात ती काही निसर्गसहलीला निघालेली नसतात. त्यांच्यामागे कामं असतात, बरोबर गुरं असतात.

असल्याच पोरांसाठी शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवरच गणती शिकवली गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. पोरं गुरांच्या मागे, बाई पोरांच्या मागे. आता शहरांतल्या काही शाळा कुरणच आवारात आणतात, चिखलाचा दिवस साजरा करतात आणि पालकांना कपड्यांचा जादा जोड पाठवायला सांगतात.

बापाच्या चाळीत झाडं नव्हती हे खरं. पण दुपारी जेवून खाली गेलेलं पोर दिवेलागणीपर्यंत कुठे आहे, याची चौकशीही नव्हती. आता त्याने मुलाला झाडं दिली आणि दुपार काढून घेतली. हा व्यवहार त्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

एखाद्या रविवारी मात्र कारखान्यात जादा पाळी लागते. बाप नाही, म्हणून कार्यक्रम रद्द. पोरगं वॉचमनच्या मुलाबरोबर गुपचूप शेताच्या बांधावर जातं आणि संध्याकाळी नखशिखांत चिखलाने माखून उगवतं. बूट बेपत्ता. भिंगाच्या डबीत एक तगडा मुठा, म्हणजे शेतातला खेकडा, नांग्या उगारून बसलेला.

बाप ओरडायला तोंड उघडतो, पण तेवढ्यात त्याला मोबाइल आठवतो. "थांब, थांब! कसा पकडलास ते परत करून दाखव, व्हिडिओ काढतो." आणि नीट दिसावं म्हणून तो स्वतःच डबीचं झाकण उघडतो.

व्हिडिओ छान आला आहे. आवाज बापाचा.