सातबारा पैनगंगेपलीकडे का चालत नाही?

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पांढरकवडा, पाटणबोरी करत पिंपळखुटीला महाराष्ट्र सोडतो. काश्मीरचं सफरचंद इथून हैदराबादकडे जातं, आंध्रची मिरची नागपूरकडे येते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि राज्याराज्यांमधला विक्रीकराचा अडसर निघाला. देशभरच्या मालाला वाट मोकळी झाली. या मातीत पिकणाऱ्या कापसाची वाट मात्र अजून अडलेलीच आहे.

पाटणबोरीहून तेलंगणातलं आदिलाबाद अर्ध्या-पाऊण तासावर. यवतमाळ कितीतरी लांब. बाजार, दवाखाना, सोयरीक सगळं पलीकडे. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी तेलुगूत बोलतो. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा पैनगंगा दोन राजवटींमधली हद्द झाली. माणसांनी ती कधी फारशी मनावर घेतली नाही. सरकारांनी घेतली.

1972 साली राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. चुकारे रखडायचे आणि पलीकडे भाव चढलेला असायचा. मग रात्री आडवाटेने गाड्या निघायच्या. शेतकरी सापडला की तस्कर! बियाणं त्याचं, घाम त्याचा, कर्ज त्याच्या नावावर आणि चोरही तोच. ती योजना पुढे गुंडाळली गेली. सवय गेली नाही.

आज हमीभावाने कापूस घेणारी सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, केंद्र सरकारची आहे. हमीभाव देशभर एकच: 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये. तरी इथला सातबारा घेऊन आदिलाबादच्या केंद्रावर गेलं की तो चालत नाही; तिथे तेलंगणातल्या जमिनीचे कागद लागतात. भाव देशाचा आणि कागद राज्याचा, हा कुठला न्याय?

मग उरतो खासगी व्यापारी. दारात वजनकाटा लावून खेडा खरेदी करणारा, नाहीतर पलीकडचा जिनवाला. तो गाडीवरची जाळी सरकवतो, हात कोपरापर्यंत आत घालतो, तळाचा मूठभर कापूस उपसून पिळतो. ‘मॉइश्चर आहे.’ एवढ्या दोन शब्दांत क्विंटलमागचा भाव खाली येतो. सीसीआयच्या ग्रेडरकडे निदान नियम लिहिलेला आहे: आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, बारापर्यंत कपात, त्यापुढे खरेदी नाही. व्यापाऱ्याच्या मुठीत आकडा नसतो. शेतकऱ्याला हे कळतं. पण वेचणीवाल्या बायांची मजुरी आज द्यायची असते, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते. परत फिरायचं तर गाडीभाडं पुन्हा अंगावर. तो मान डोलावतो.

उलट्या दिशेने बियाणं येतं. तणनाशक सोसणाऱ्या एचटीबीटी कपाशीला देशात मान्यता नाही, तरी मे-जूनमध्ये ती बिनबिलाने गावोगाव पोचते. धाड पडते ती किरकोळ विकणाऱ्यावर. पाकीट कुठे भरलं गेलं, तिथवर तपास क्वचितच जातो. उगवलं नाही तर तक्रार करायला पावती नाही. याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतात काय पेरलं जातं आणि कपाशीवर काय फवारलं जातं याकडे डोळेझाक केली की काय होतं, हे आणखी कुणी सांगायला हवं का?

कपास किसान ॲपवर नोंदणी, ई-पीक पाहणी, आधार, बँक खातं: शेतकऱ्याची कुंडली सरकारजवळ आहे. कुणाच्या किती एकरात कपाशी, हे एका बोटावर दिसतं. मग एकाच मालाची दोनदा विक्री रोखायला नदीची हद्द कशाला हवी? सीसीआयने पुढच्या हंगामाआधी केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतला सातबारा आदिलाबादच्या केंद्रावर चालवावा, आणि तिकडचं जमिनीचं पासबुक पांढरकवड्यात.